पेढ्याच्या खोक्यातली घसरगुंडी

एकतीस वर्षं मी नेमकं काय काम केलं, हे माझ्या सख्ख्या मामांना शेवटपर्यंत कळलं नाही. मामांची वैजापूरच्या मोंढ्यात कांद्याची आडत. त्यांच्या धंद्यात काय आलं आणि काय गेलं ते डोळ्यांना दिसायचं. घरात कुणाचंही लग्न असो, पंगतीत माझ्या शेजारी बसून दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात ते विचारायचे, "मग जगन्नाथ, तू कारखान्यात बनवतोस तरी काय?"

"फिक्श्चर, मामा."

"गाडीत कुठं बसतं ते?"

"गाडीत नाही बसत."

"मग इकता का?"

"विकतही नाही. कारखान्यातच राहतं."

यावर मामा बाकीच्यांकडे बघून असे हसायचे, की भाच्याला शिकवलं खरं, पण पोरगं वायाच गेलं म्हणायचं.

मामांना पटलं नाही ते तुम्हाला सांगून बघतो. विळीवर नारळ खोवताना बाई विळीच्या पाटावर एक पाय मुडपून बसते. तो पाय काढला तर विळी डुगडुगेल, नारळ निसटेल, बोट कापेल. कारखान्यात हजारो भाग एकसारखे व्हायचे असतील, तर प्रत्येक भाग दर वेळी त्याच जागी आणि तसाच घट्ट बसायला हवा. त्याला धरून ठेवणारा पाय म्हणजे फिक्श्चर. गाडी रस्त्यावर धावायला लागली की त्याची कुणाला आठवणही नसते. वाळूजला दुचाकीचे बारीकसारीक भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्याच्या टूलरूममध्ये मी असले पाय बनवत आलो. चांगले बनवले, हेही सांगून टाकतो. निवृत्त माणसाने विनय दाखवायचा असतो म्हणतात, पण तो मला नीट जमत नाही.

मात्र सुरुवातीला मी जे बनवलं ते बघून टूलरूम हसली होती. डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो, हात शिवशिवत होते. एका कंसाच्या आकाराच्या भागासाठी मी पंधरा दिवस खपून पोलादाचं फिक्श्चर केलं. भाग आत असा बसला की हलायचं नाव नाही. मी ऐटीत मशीनवाल्याकडे बघितलं. त्याने काम केलं, भाग काढायला हात घातला, आणि हात आत जाईना. भाग बसवायला जागा होती, पण तो धरून बाहेर काढायला बोटांना जागाच नव्हती.

सत्तारभाई शेजारी उभे होते. सत्तारभाई, म्हणजे सत्तार शेख, आमचे सगळ्यात जुने फिटर. खुलताबादचे. रोज एसटीने घाट उतरून यायचे आणि माझ्याआधी टूलरूममध्ये हजर असायचे. त्यांनी माझा कागद उचलला, उलटसुलट केला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जाधवसाब, ड्रॉइंग तो मस्त है. पन इसमें हात कहाँ निकाले आप?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं आणि कान गरम झाले. मी भाग काढला होता, पट्ट्या काढल्या होत्या, नट-बोल्ट काढले होते. ज्याच्या हाताने हे सगळं चालणार, तो हात माझ्या कागदावर कुठेच नव्हता.

त्या दिवसापासून सत्तारभाईंचा नियम मी माझा करून टाकला. त्यांच्या कपाटातला सगळ्यात खालचा खण मिठाईच्या रिकाम्या खोक्यांनी भरलेला असायचा. ईद आणि दिवाळीनंतर तर तो बंदच व्हायचा नाही. कुठलंही फिक्श्चर आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचं करायचं, ज्याला ते वापरायचंय त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, आणि त्याने तासभर वापरून 'बरंय' म्हटल्याशिवाय पोलादाला हात लावायचा नाही. "गलती करना है तो पुठ्ठे में करो, लोहे में नक्को," असं ते म्हणायचे. नव्याने आलेले इंजिनिअर याला पोरखेळ समजायचे. मी समजू द्यायचो.

आता मुख्य गोष्ट. ही सांगताना छाती फुगते, आणि एका ठिकाणी मान खाली जाते.

आमच्या शेडच्या टोकाला नऊ बायकांची एक लाइन होती. ब्रेकच्या लिव्हरमध्ये बसणारी एक जोडणी तिथे व्हायची. आधी पिन उभी करायची, तिच्यावर पातळ वॉशर, वॉशरवर रबराचं सील, सगळ्यात वर धातूची टोपी, आणि हाताच्या प्रेसखाली दाबायचं. आकार बाटलीच्या बुचाएवढा. लाइनची प्रमुख होती लता गायकवाड. हेल्पर म्हणून लागलेली ही बाई आठ वर्षांनी लाइन लीडर झाली होती. तोवर आमच्या शेडमध्ये लाइन लीडरच्या फळ्यावर बाईचं नाव कधी लागलं नव्हतं. ते लागून सहा महिने झाले असतील नसतील, तोच ग्राहकाकडून तक्रार आली की काही जोडण्यांमध्ये वॉशरच नाही. वॉशर नसेल तर काही महिन्यांनी लिव्हर खिळखिळी होते. ब्रेकच्या कामात ही चूक कोणी पोटात घालत नाही. महिन्याभरात दुसरी तक्रार आली.

आमचे प्लांटहेड पाटणकर साहेब. त्यांनी बैठक घेतली. पुण्याजवळच्या आमच्याच दुसऱ्या कारखान्यात हे काम करणारं स्वयंचलित यंत्र होतं. महिनाअखेर लाइन तिकडे हलवायची, असं ठरल्यात जमा होतं. नऊ जणींचं काय? तर "जमेल तसं बघू." कारखान्यातल्या या तीन शब्दांचा अर्थ कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा.

दुसऱ्या दिवशी लताबाई टूलरूममध्ये आल्या. टूलरूममध्ये लाइनवरचं माणूस सहसा येत नाही. त्या दारातच थांबल्या.

"सर, चूक आमची आसंल तर मी समद्यांसमोर अंगावर घेते. पन चूक कशी व्हती ती कुनी बघितली का? न बघता लाइन उचलून नेऊ नका. माज्या आठ जनी मला इचारायल्यात, आन् मला सांगता येईना."

त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, संताप होता. मला तो आवडला. मी त्यांना आणि सत्तारभाईंना घेऊन सरळ पाटणकर साहेबांकडे गेलो आणि वेळ मागितली.

साहेबांनी पंधरा दिवस दिले. सोबत अटींची माळही दिली. नवीन काही मागवायचं नाही, कारण खरेदी बंद आहे. लाइन एक दिवसही थांबवायची नाही. माणूस वाढवायचं नाही. विजेचं नवं कनेक्शन मिळणार नाही. जागा वाढणार नाही, आहे त्या टेबलावर काय करायचं ते करा. शेवटी म्हणाले, "आणि टीम तुम्ही तिघंच. तुम्ही, सत्तारभाई आणि या बाई."

बाहेर आल्यावर सत्तारभाई म्हणाले, "साब, इत्ता सब मना कर दिए तो अच्छाच हुआ. अब सोचनेकू कम है."

मी वैतागून त्यांच्याकडे बघितलं. पुढे कळलं की ते बरोबर बोलत होते. एरवी मी पहिला आठवडा सेन्सरच्या कंपन्यांची पत्रकं चाळण्यात घालवला असता. आता चाळायला काही उरलंच नव्हतं, म्हणून आम्ही तिघं सकाळच्या जोडण्या आणि वॉशरचा डबा घेऊन टूलरूमच्या टेबलाशी जाऊन बसलो.

माझी पहिली कल्पना साधी होती. पन्नास पिना आणि पन्नासच वॉशर मोजून द्यायचे. शेवटी वॉशर उरला, तर एखाद्या जोडणीत तो राहिला हे उघड. मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. लताबाईंनी डब्यातून एक वॉशर उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्ये किती हायेत सर?"

"एक."

त्यांनी नखाने तो सोलला. दोन होते. तेलामुळे चिकटलेले. "एकीत दोन गेले, दुसरीत एकबी नाय गेला, तर तुमचा हिशोब बरोबरच येनार की." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला वाटतं चूक हितंच व्हती. पन नुसतं बघून कळत नाय. बोटाला कळतं."

"बोटाला म्हणजे?"

त्यांनी दोन जोडण्या माझ्यासमोर ठेवल्या आणि टोप्यांवरून अंगठा फिरवायला सांगितला. मला काही कळलं नाही. मोजून बघितलं, तर एकीची टोपी दुसरीपेक्षा बरोबर वॉशरच्या जाडीइतकी, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, खाली बसलेली. आठ वर्षांत त्यांच्या अंगठ्याने हा फरक शिकून घेतला होता. पण नऊ बायकांचे अंगठे दिवसभर तितकेच जागे राहतील, याची खात्री कोण देणार?

सत्तारभाईंनी दोन्ही जोडण्या शेजारी शेजारी उभ्या करून बघितल्या. ते उठले, खण उघडला आणि पेढ्याचं एक खोकं घेऊन बसले. अर्ध्या तासात त्यांनी पुठ्ठ्याची एक घसरगुंडी केली. तिच्यावर दोन ठिकाणी सायकलच्या चाकाची तार तिरकी आडवी लावली. वरून जोडणी सोडली की ती उभीच घसरत येते. पहिली तार जरा उंच. जिच्यात दोन वॉशर असतील ती उंच जोडणी तिला अडते आणि बाजूला वळून लाल डब्यात पडते. पुढची तार तिच्यापेक्षा किंचित खाली. बरोबर जोडणी तिला अडून हिरव्या डब्यात जाते. जिच्यात वॉशरच नाही ती बुटकी जोडणी दोन्ही तारांखालून निसटते आणि थेट समोरच्या लाल डब्यात. वीज नाही, सेन्सर नाही, काही मागवायचं नाही. आम्ही जोडण्या सोडत गेलो आणि प्रत्येक जोडणी आपापल्या डब्यात जात राहिली. सत्तारभाईंनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. मी तर टाळ्याच वाजवल्या.

आणि इथे मी माती खाल्ली. नियमाप्रमाणे पुठ्ठा लताबाईंच्या टेबलावर न्यायला हवा होता, तासभर चालवायला हवा होता. दिवस उडत चालले होते, लाइन थांबवायची नव्हती, आणि मला घाई झाली होती. टूलरूममध्ये सकाळच्या जोडण्यांवर चाललंय ना, मग झालं, असं म्हणून मी पोलादाला हात घातला. सत्तारभाई म्हणाले, "साब, एक बार उनके टेबल पे..." मी म्हटलं, "वेळ नाही." दुसऱ्यांना सतरा वेळा नियम सांगणाऱ्याने तो स्वतःच मोडला.

जुन्या कन्व्हेयरच्या पत्र्यातून आणि भंगारातल्या सळ्यांतून घसरगुंडी उभी राहिली. अकराव्या दिवशी ती लाइनवर बसवली. पहिल्या तासात लाल डबा भरला. जवळजवळ सगळ्या जोडण्या लाल डब्यात. मी हाताने तपासल्या, आत वॉशर जागच्या जागी होते. पाटणकर साहेब तिकडून चालत आले, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी तार वरखाली करून बघितली, पुन्हा होती तिथे आणली. चहाची सुट्टी झाली, बायका गेल्या, मी तिथेच. सुट्टीनंतर लताबाई आल्या आणि मला न विचारता लाल डब्यातल्या जोडण्या पुन्हा घसरगुंडीवर सोडायला लागल्या. एक, दोन, दहा, वीस. सगळ्या हिरव्यात.

"सर, तारंला हात लावू नका. तार बरुबर हाय. रबर दबलेलं आसतं. आमी च्या पिऊन आलो तवर ते वर आलं."

मी मान हलवली. रबर इतकं दबून राहत असेल हे मला पटेना. तरी मोजलं. प्रेसखालून नुकतीच निघालेली जोडणी खरोखरच बुटकी होती, आणि चारेक मिनिटांत हळूहळू आपल्या उंचीला येत होती. टूलरूममध्ये मी सकाळच्या, म्हणजे निवांत झालेल्या जोडण्या वापरल्या होत्या. टेबलावर पुठ्ठा नेला असता तर हे पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं.

"दम देना पडता," सत्तारभाई म्हणाले. "बिर्याणी बी उतरतेच नहीं परोसते."

पण दम द्यायचा कुठे? जागा नाही. थाळ्यात काढून ठेवायच्या तर पुन्हा उचलायला माणूस हवं. शिवाय कोणती ताजी आणि कोणती जुनी, हे कोण लक्षात ठेवणार? चार दिवस उरले होते. मी पुन्हा कागद-पेन्सिल काढली. लताबाईंनी माझ्या हातावर हात ठेवून ती थांबवली. एरवी त्यांनी असं कधी केलं नसतं.

"आमच्या वस्तीत नळाला दिवसाआड पानी येतं. तवा हंड्यांची रांग आसती. मागं नवा हंडा लागला की समदे सरकतात, फुडचा नळाखाली जातो. मधेच कुनाला घुसता येत नाय. तसं करू ना. टेबलाच्या मागच्या कडंला रांग लावू. नवी जोडनी मागून ढकलली की सगळ्यात जुनी फुडून घसरगुंडीत पडल."

मी उठून फूटपट्टी लावली. टेबलाची मागची कड रिकामीच होती. अडीच फुटांत चोवीस जोडण्या मावत होत्या, आणि चोवीसावी ढकलेपर्यंत पहिलीला चार मिनिटं होऊन जात होती. वेगळं माणूस नको, घड्याळ नको, लक्षात ठेवणं नको. या वेळी मी स्वतः पुठ्ठा कापला, लताबाईंच्या टेबलावर नेला आणि दोन तास त्यांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी 'बरंय' म्हटल्यावरच पत्रा कापला.

चौदाव्या दिवशी पाटणकर साहेब ग्राहकाकडच्या दोघा पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे कडक होते. त्यांनी आपल्या हाताने वॉशर न घालता जोडण्या केल्या, काहींत दोन-दोन वॉशर घातले, चांगल्यांत मिसळून रांगेला लावल्या. एकही चुकीची जोडणी हिरव्या डब्यात गेली नाही. त्यातला वयस्कर पाहुणा खाली वाकून तार बघत होता. सरळ होऊन त्याने विचारलं, "फारच सोपं आहे हे. कुणी केलं?"

नऊ बायका हात थांबवून बघत होत्या. लताबाई माझ्यापासून दोन हातांवर होत्या. मी म्हणालो, "आमच्या टूलरूमचं काम आहे, सर."

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. साहेबांनी माझा हात दाबला, पाहुण्यांनी ड्रॉइंग मागितलं, त्याच्या कोपऱ्यातल्या 'रचना' या चौकटीत माझी आद्याक्षरं होती, त्यांनी ती वाचली. लताबाईंनी पुढची जोडणी प्रेसखाली घेतली.

लाइन राहिली. नऊच्या नऊ जणी राहिल्या. पुण्याच्या कारखान्याने पुढे आमच्याच घसरगुंडीचं ड्रॉइंग मागवून नेलं. एवढ्या वर्षांत मी शंभर फिक्श्चर केली असतील, पण पोटात समाधान भरून राहतं ते हेच. पाहुणे गेल्यावर टूलरूममध्ये सत्तारभाई खण आवरत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जाधवसाब, आज फिर आप हात निकालना भूल गए."

या वेळी मला लगेच समजलं. तरी मी काही केलं नाही. उद्या लताबाईंशी बोलू, बैठकीत सांगू, असं म्हणत राहिलो. मग दुसरी कामं आली. त्या रोज भेटायच्या, 'नमस्कार सर' म्हणायच्या. टूलरूममध्ये मात्र त्या आपणहून पुन्हा कधी आल्या नाहीत.

मधे मला एका इंजिनिअरिंग कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं होतं. एका मुलाने विचारलं, "सर, त्या सगळ्या अटी नसत्या तर तुम्ही काय केलं असतं?" मी म्हटलं, "सेन्सर मागवला असता. तो यायच्या आत लाइन पुण्याला गेली असती." मुलं हसली, टाळ्या पडल्या. घरी येताना रिक्षात बसलो आणि लक्षात आलं, आजही मी सगळं 'आम्ही' म्हणून सांगितलं आणि नाव एकाचंही घेतलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी ड्रॉइंगची नोंद ठेवणाऱ्या विभागात गेलो. तिथल्या मुलीला घसरगुंडीचं ड्रॉइंग उघडायला सांगितलं. बदल करायचा तर कारण निवडावं लागतं. मी 'चूक दुरुस्ती' निवडायला सांगितलं.

"कुठलं माप चुकलंय, सर?"

"माप नाही. नाव."

'रचना'ची चौकट इवलीशी असते, ती मोठी करता येत नाही. तिघांची नावं मावेनात. मुलीने अक्षरं बारीक करून बघितली, तर वाचता येईनात. माझी आद्याक्षरं काढली की दोघांची नावं नीट बसत होती. काढली. 'ल. गायकवाड, स. शेख.' माझ्या नोकरीतली ही शेवटची अट, आणि तिच्यातून वाट काढायला मला पुठ्ठा लागला नाही.

दुपारी निरोपाच्या चहाला सत्तारभाई खुलताबादहून आले. त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. येताना पेढे आणले होते. आम्ही दोघं ड्रॉइंगची नवी प्रत घेऊन लाइनवर गेलो. रांग हळूहळू सरकत होती, जोडण्या एकेक करून घसरत होत्या, लाल डबा रिकामा होता. मी प्रत लताबाईंच्या हातात दिली आणि कोपरा दाखवला. म्हटलं, "लताबाई, हे त्याच दिवशी व्हायला हवं होतं. चुकलं माझं."

त्यांनी वाचलं. नावावरून अंगठा फिरवला, टोपीवरून फिरवायच्या तसा. शेजारच्या बाईला दाखवलं. मग माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण ओठांवर मिस्कील हसू होतं.

"रबर चार मिंटात वर येतं, सर," त्या म्हणाल्या. "तुमाला सहा वर्षं लागली."

सगळी लाइन हसली. सत्तारभाईंनी पेढे वाटले आणि रिकामं खोकं लताबाईंच्या हातात दिलं.